सत्त्याऐंशीचा खिळा

आमच्या ह्यांना गल्लीतली पोरं 'एक-कमी आजोबा' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पाठीमागे म्हणतात. पण म्हातारपणी ह्यांचे कान फार तिखट झालेत, सगळं ऐकू येतं. रागवत मात्र नाहीत. रागावणार कशावर, खोटं काय आहे त्यात? घरात चार माणसं जेवायला बसली की हे आधी डोकी मोजणार. बसमध्ये चढलो की पुढून मागे नजर फिरवत ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटणार, जणू कंडक्टरचा पगार ह्यांनाच मिळतो. संध्याकाळी दारातल्या चपलांचे जोड मोजल्याशिवाय कडी लावायची नाही. एकदा सुनेची मैत्रीण आली होती, ती जाताना चप्पल बदलून गेली. एक निळी आणि एक काळी उरली. हे अर्धा तास दारात उभे. "एक कमी आहे," म्हणाले. मी म्हटलं, "एक कमी नाही, एक वेगळी आहे. आत या."

मला राग लवकर येतो, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेय. लोकांची मापं घेऊन घेऊन माणूस कुठे सैल आहे नि कुठे तंग, ते मला चटकन कळतं असा माझा समज होता. आणि माझ्याच घरातल्या माणसाला कुठे काचतंय, ते मला एकतीस वर्षं कळलं नाही.

तर हे. आमच्या गावाच्या डोक्यावर जो डोंगर आहे, त्यात पूर्वी तांब्याची खाण होती. हे तिथे दिवाघरात होते. दिवाघर म्हणजे खाणीच्या तोंडाशी एक लहान खोली. तिथून प्रत्येक कामगाराला दिवा द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा, काचा पुसायच्या, तेल भरायचं. पण खरं काम दिव्यांचं नव्हतं, बिल्ल्यांचं होतं. दिवाघराच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता, त्यावर एकशेदहा खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक गोल पितळी बिल्ला, बशीतल्या बिस्किटाएवढा. त्यावर दोन हातोड्या आणि खाली आकडा. कामगार आत जाताना आपला बिल्ला काढून खिशात घालणार, बाहेर आला की पुन्हा लावणार. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. बिल्ला लागला म्हणजे माणूस बाहेर. पाळी संपली की हे फळा बघणार, मोजणार आणि वहीत लिहिणार, 'सर्व बाहेर', आणि खाली सही. ती सही झाल्याशिवाय पंप थांबत नसत, सुरुंग उडत नसत, फाटक लागत नसे. असं वजन होतं त्या सहीला.

खाण बंद झाली तेव्हा हे तो फळा घरी घेऊन आले, बिल्ल्यांसकट. इतरांनी जाताना काय काय नेलं, कुणी घमेली, कुणी दारं, कुणी पत्रे. आमच्याकडे आला फळा. माझ्या मशीनच्या वर तो टांगला आणि म्हणाले, "ह्याला हात लावायचा नाही." मी भंगारवाल्याला दोनदा दाखवून ठेवला होता, पण दोन्ही वेळा हे नेमके घरात निघाले.

त्या फळ्यावर एकशेनऊ बिल्ले होते आणि एक खिळा रिकामा. सत्त्याऐंशीचा. मोकळा खिळा डोळ्यांसमोर, हातात कात्री, आणि ती ठेवायला जागा नाही. कुठलीही बाई काय करेल? मी अडकवली. संध्याकाळी हे घरी आले, फळ्याकडे पाहिलं आणि माझ्यावर जे ओरडले, ते अख्ख्या संसारात पहिल्यांदा आणि शेवटचं. लेक तेव्हा लहान होता, तो पलंगाखाली जाऊन बसला. मग कात्री काढून माझ्या हातात दिली. मला वाटलं, माणसाची नोकरी गेलीय, डोकं ठिकाणावर नाही. मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे आमच्या आळीत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी खोड सहीची. खाण सुटल्यावर ह्यांना गावच्या पाणीपुरवठ्यात काम मिळालं, झडपा उघडायच्या नि बंद करायच्या. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं, आणि हा माणूस हजेरीला अंगठा लावायचा. तिथले लोक पार निवृत्तीपर्यंत ह्यांना निरक्षर समजत होते. घरात टपाल आलं, मुलाचं प्रगतिपुस्तक आलं, सगळीकडे माझी सही. विचारलं तर म्हणायचे, "तुझी छान येते." आता माझी सही म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखी. पण बायकोला छान म्हटल्यावर ती कशाला खोलात जाईल.

आणि तिसरं म्हणजे डोंगर. ह्यांनी डोंगराकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. खिडकीतून समोर दिसतो म्हणून खुर्ची उलटी करून ठेवली. पुढे त्या डोंगरावर झाडं लावली, ती वाढली, मातीचे ढिगारे हिरवे झाले, माथ्यापर्यंत पायवाट झाली. सुट्टीच्या दिवशी लोक डबे घेऊन जायला लागले. आम्ही कधी गेलो नाही. "मी तिथे पुष्कळ वर्षं जाऊन आलोय," एवढंच म्हणायचे.

ह्या वर्षी नातीच्या शाळेची सहल नेमकी तिथे निघाली. मुलगा आणि सून कामासाठी दुसऱ्या गावी असतात, नात शाळेपायी आमच्याजवळ. तिने कागद आणला, 'डोंगरमाथा : जंगल आणि जुनी खाण', खाली पालकांची सही. मी पेन शोधत होते तेवढ्यात ह्यांनी कागद उचलला, वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

"ह्या घरातलं पोर त्या डोंगरावर जाणार नाही," म्हणाले.

नात रडायला लागली. ती रडत रडत शाळेत गेली आणि मी कंबर कसली. एका पॅन्टची शिवण उसवत होते, ती तशीच मांडीवर घेऊन ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "आज घोडं कुठे पेंड खातंय ते सांगितल्याशिवाय चहा मिळणार नाही. पोरीला काय सांगू मी? साप आहेत, वाघ आहेत, काय आहे वर?"

ह्यांनी माझ्या मांडीवरचा एक सुटा दोरा उचलून बोटाला गुंडाळला. मग खुर्चीवर बसल्या बसल्या, पायांकडे बघत म्हणाले, "माझ्या हातून एक माणूस आत राहिलाय."

"कुठे आत?"

"डोंगरात."

मग सांगितलं. खाणीचा शेवटचा दिवस. तळाला पाणी चढत होतं, मालकांना आता पंप परवडत नव्हते. चार वाजता पंप थांबवायचे आणि अंधाराच्या आत तोंडाला भिंत घालायची, असं ठरलेलं. विटा आधीच रचून ठेवलेल्या. कामगार बाहेर आले, कुणी हसतंय, कुणी रडतंय, एकमेकांच्या गळ्यात पडतायत. ह्यांनी त्या गोंधळातही प्रत्येकाचा दिवा घेतला, बिल्ला लावून घेतला. आणि फळा मोजला तर एकशेनऊ. सत्त्याऐंशीचा खिळा रिकामा, सत्त्याऐंशीचा दिवाही नाही.

सत्त्याऐंशी नंबर कुणा आजारी माणसाच्या जागी आलेला, दहाच दिवसांचा बदली कामगार. डोंगरापलीकडच्या वस्तीतला, इतकंच माहीत. नावसुद्धा कुणाला धड ठाऊक नव्हतं. हे मुकादमाला म्हणाले, एक कमी आहे. मुकादम म्हणाला, "अरे, शेवटचा दिवस आहे. नेला असेल आठवण म्हणून. मीच त्याला दुपारी उजेडात पाहिलंय बहुतेक. कर सही." हे तोंडाशी जाऊन आत हाका मारत राहिले. अर्धा तास. आतून फक्त पाण्याचा आवाज. साहेब घड्याळ बघतायत, गवंडी थापी घेऊन उभे, आणि मुकादम म्हणतोय, "एका बिल्ल्यापायी सगळ्यांना रात्र करतोस का?" शेवटी ह्यांनी वहीत लिहिलं, 'सर्व बाहेर'. आणि सही केली.

"ती माझी शेवटची सही," म्हणाले.

माझ्या हातातली पॅन्ट केव्हा खाली पडली, मला समजलं नाही. मी विचारलं, "मग नंतर कुणी विचारायला आलं? बायको, आई, भाऊ? नाही ना? मग! माणूस हरवला तर घरचे गप्प बसतील?"

"ज्याचं कुणी नसतं, त्याला विचारायला कोण येणार?"

"आणि तुम्ही? तुम्ही पलीकडे जाऊन विचारलं नाहीत?"

"दोनदा निघालो होतो. एकदा तर अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलो. पण जाऊन विचारलं आणि ते म्हणाले, तो आलाच नाही, तर? न विचारता निदान अर्धी आशा तरी होती."

मला ह्यांचा भयंकर राग आला. एकतीस वर्षं एका ताटात जेवलो आणि हा माणूस एकटाच हे गिळत बसला. चांगलं खडसावायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि रडूच आलं. किती वाईट वाटलं सांगू. चपलांचे जोड, ताटावरची डोकी, बसमधले आकडे, सगळ्या चेष्टा मला आठवल्या. आणि सगळ्यांत जास्त ती कात्री.

डोळे पुसून मी म्हटलं, "उद्या नात शाळेत गेली की आपण दोघं वर जायचं. आता अर्धी आशा पुरे. काय असेल ते असेल." हे नाही म्हणतील असं वाटलं होतं. नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या बसने गेलो. फाटकाशी चौकीदार वही घेऊन बसलेला. किती जण, विचारलं. दोन, मी म्हटलं आणि सही केली. हे त्याला विचारतात, "संध्याकाळी मोजता का, सगळे उतरले की नाही?"

"मोजतो की. अंदाजाने."

"अंदाजाने?" ह्यांचा आवाज असा चढला की तो पोरगेला चौकीदार उठून उभाच राहिला. मी ह्यांना दंडाला धरून पुढे काढलं.

वाट चांगली होती. खाणीतल्या गाड्यांचे जुने रूळ कापून पायऱ्यांना लावलेले. दोन्ही बाजूंना झाडं, सगळी एकाच उंचीची, एकाच वेळी लावलेली ना. खालची जमीन म्हणजे खाणीतून काढलेला मुरूम. मधेच एखादा दगड हिरवा-निळा चमकायचा. हे काही बघत नव्हते. माझे गुडघे कुरकुरत होते आणि हे तरुण माणसासारखे पुढे, वळणं पाठ असल्यासारखे. पाठच होती म्हणा.

मग ती भिंत आली. दोन पुरुष उंच, शेवाळलेली, वरून वेली लोंबतायत. शेजारी पाटी, 'खाणीचे तोंड, बंद'. एक जोडपं तिथे फोटो काढत होतं. ते जाईपर्यंत हे थांबले. मग भिंतीजवळ गेले, तिच्यावर तळवा ठेवला आणि दिवाघरात पुकारत असतील तसं, सरळ, मोठ्याने पुकारलं, "सत्त्याऐंशी." परत एकदा, "सत्त्याऐंशी." मी बाजूला बघत राहिले. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. आतून उत्तर येईल याची नाही, ह्यांच्या छातीत काही होईल याची.

"झालं?" मी विचारलं. "उतरायचं का?"

"नाही. वर जायचंय. माथ्यावर हवेची विहीर आहे. आतली हवा खेळती राहावी म्हणून सरळ वरपर्यंत खोदलेली, शिडी होती तिला. मी इथे तोंडाशी हाका मारल्या. वर जाऊन विहिरीत मारल्याच नाहीत. ते राहिलंय."

वर जायला आणखी तास गेला. माथा म्हणजे सपाट मैदान, कडेने झाडांची दाटी, मध्ये बाकं. पलीकडच्या अंगाला खाली बघते तर वस्तीची कौलं, धूर, दोरीवरचे कपडे, इतकी जवळ की दोरीवर शर्ट किती ते मोजता यावं. आमच्या बाजूने रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस, आणि माथ्यावरून वीस मिनिटं. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि तोही एकतीस वर्षांचा.

विहिरीला आता लोखंडी जाळी बसवलीय, भोवती कठडा. हे कठड्याशी गुडघे टेकून बसले आणि जाळीला तोंड लावलं. मला ते बघवेना. शिवाय खरं सांगायचं तर मला निकडीने संडासला जायचं होतं. ह्या वयात दोन तासांची चढण म्हणजे गंमत नाही. कडेला चहाची टपरी होती, तिशीतली एक बाई स्टोव्हला पंप मारत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मागे आहे, आजी. कुलूप आहे. ही घ्या किल्ली. पण परत आणून द्या हं, लोक खिशात घालून निघून जातात. म्हणून तर तिला एवढं जड लावून ठेवलंय."

मी किल्ली घेतली. चार पावलं गेले. हाताला ते जड काय लागतंय म्हणून पाहिलं. गोल पितळी बिल्ला, बशीतल्या बिस्किटाएवढा. वर दोन हातोड्या. खाली आकडा, आठ आणि सात.

कशाला निघाले होते तेच मी विसरले. आधी वाटलं, धावत जाऊन ह्यांना दाखवावं. मग दुसरा विचार आला. हा बिल्ला ह्या बाईला मिळाला कुठून? जाळी बसवताना कुणी आत उतरलं असेल, आणि तिथे हाडांजवळ... मी मागे वळले.

"बाई गं, हा बिल्ला कुठे सापडला तुला?"

"सापडला नाही हो. बाबांचा आहे. पूर्वी ते खाणीत होते ना, दहा-बारा दिवस."

"बाबा..." मी किल्ली मुठीत धरली. "बाबा आहेत?"

"आहेत की. आत्ता कोंबड्यांना दाणे टाकत असतील. का हो?"

माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच दगडावर बसले. ती बिचारी पाणी घेऊन धावली. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, "तुझ्या बाबांना बोलाव. म्हणावं, दिवाघरातले दिवेवाले आलेत."

ती फोन लावायला गेली आणि मी ह्यांच्याकडे. हे अजून जाळीशीच. मी शेजारी वाकले. ह्यांच्या तळहातावर बिल्ला ठेवला, किल्लीसकट. ह्यांनी तो बघितला, उलटा केला, अंगठ्याने आकडा चाचपला.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "कोंबड्या पाळल्यात."

हे रडतील असं मला वाटलं होतं. रडले नाहीत. कठड्याला टेकून तिथेच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पाणी आहे का गं?" मग ते सगळं पाणी प्यायले, तिचंही आणि आमच्या बाटलीतलंही.

वीस मिनिटांनी झाडांतून एक बुटका म्हातारा धापा टाकत वर आला. दोन्ही हातांत पुढे धरून दिवा. घासून पुसून लख्ख. आमच्यापासून दहा पावलांवर थांबला, पुढे येईना. वर्गात चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा.

"दिवेवाले," तो म्हणाला, "दिवा आहे. काच तेवढी एकदा बदलली. बाकी जसाच्या तसा. मी दुसऱ्या दिवशी परत द्यायला आलो होतो, पण भिंत झाली होती. मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला होता, दिवा चुकला तर पोलिसात देईन. त्या भीतीने पुन्हा ह्या अंगाला कधी उतरलोच नाही. बाजाराला पण लांबच्या गावी जातो."

घ्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. हा एका दिव्यापायी डोंगराच्या त्या बाजूला लपून बसलेला, आणि आमचे हे ह्याच्यापायी ह्या बाजूला तोंड फिरवून बसलेले. मध्ये वीस मिनिटांची वाट. मला इतकं हसू आलं आणि त्याच वेळी दोघांच्या पाठीत धपाटे घालावेसे वाटले.

हे उठले. कपडे झाडले. आणि एकदम दिवाघरातला आवाज लावला, "वरच्या विहिरीने बाहेर पडायचं नाही, ज्या तोंडाने आत त्याच तोंडाने बाहेर. नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता."

"मग?"

"मी विहिरीच्या तळाशी पंखा सोडवत होतो. दुपारी वरून मेहुण्याने हाक मारली. म्हणाला, तुझी बायको अडलीय, पोर आडवं आहे, आत्ताच्या आत्ता ये. तोंडाने बाहेर पडून डोंगराला वळसा घालत आलो असतो तर संध्याकाळ झाली असती. शिडी समोर होती. चढलो." मग त्याने टपरीकडे मान वळवली. "ही झाली त्या दिवशी. दोघी वाचल्या."

हे त्या बाईकडे बघत राहिले. ती चहाचे कप घेऊन उभी, तिला काहीच कळत नव्हतं. बराच वेळ बघत राहिले, आणि मग मात्र ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं नाही, येऊ दिलं. सत्त्याऐंशी नंबर घाबरला. त्याला वाटलं अजून रागावलेतच. दिवा आणखी पुढे करून म्हणाला, "घ्या ना आता. मला सुटू द्या."

ह्यांनी दिवा घेतला. हलवून पाहिला, वात वरखाली केली, काचेवर फुंकर मारली. "ठीक आहे," म्हणाले, आणि परत त्याच्याच हातात दिला. "दिवा तू ठेव. चांगला ठेवलायस. मला बिल्ला पाहिजे."

बिल्ला ह्यांच्या हातातच होता. पण ह्यांनी किल्लीसकट तो त्याला दिला आणि स्वतःचा तळवा रिकामा पुढे धरला. मला काही कळेना, त्या म्हाताऱ्याला मात्र बरोबर कळलं. त्याने कडीतून बिल्ला सोडवला आणि ह्यांच्या तळव्यावर ठेवला, बाहेर येणारा कामगार ठेवत असेल तसा.

"सत्त्याऐंशी बाहेर," हे म्हणाले.

मग चहा झाला. दोघं म्हातारे एका बाकावर बसले आणि मुकादमाला अशा काही शिव्या घातल्या की मी आणि ती बाई उठून स्टोव्हपाशी गेलो. किल्लीला आता काय लावायचं म्हणून तिने एक जुनी पळी बांधली. आणि मग मी शेवटी ज्या कामाला निघाले होते, ते करून आले.

उतरताना हे माझ्या मागे होते. हळूहळू, झाडं बघत, दगड उचलत. भिंतीपाशी थांबलेसुद्धा नाहीत. फाटकाशी चौकीदाराने वही पुढे केली. मी पेन घेणार तोच ह्यांनी ते घेतलं. खिशातून नातीचा तो चार घड्यांचा कागद काढला, वहीवर पसरला, हाताने सरळ केला आणि सही केली. पूर्ण सही, खाली रेघ मारून. एकतीस वर्षांनी, तरी अक्षर मोत्यासारखंच. जरा हललेला मोती.

"आणि मुलांची सहल येईल तेव्हा," चौकीदाराला म्हणाले, "अंदाजाने मोजू नकोस."

बसमध्ये चढलो. माझी नजर ह्यांच्या ओठांवर. ओठ हलले नाहीत. हे खिडकीला डोकं टेकून झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. लोक बघत होते. बघू देत.

घरी आल्यावर चपलाही न काढता आधी फळ्यापाशी गेले. खिशातून बिल्ला काढून सत्त्याऐंशीच्या खिळ्याला अडकवला. बाकीचे सगळे काळवंडलेले, हा तेवढा रोज माणसांच्या हातात फिरून चकचकीत. हे मागे सरून उभे राहिले आणि नुसतं म्हणाले, "पूर्ण."

मी म्हटलं, "ते सगळं ठीक आहे. माझ्या कात्रीचं काय? एका खिळ्यावर माझा डोळा होता, तोही गेला."

हे हातोडी घेऊन आले. एकशेदहाच्या पुढे, फळ्याच्या अगदी कडेला, आणखी एक खिळा ठोकला आणि माझी कात्री स्वतःच्या हाताने त्यावर लावली.

आता मी सकाळी कापायला बसले की तो खिळा रिकामा होतो. चहा घेता घेता हे फळ्याकडे बघतात आणि विचारतात, "एक कमी आहे. कात्री आत गेली वाटतं?"

"गेलीय," मी म्हणते. "येईल संध्याकाळी."

"बरं," म्हणतात, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसतात.